गाळलेली पेज

आई, बाबा अजून पेज गाळतात. आता स्वतःसाठी. पावसाळ्यात त्यांचं पोट बिघडलं, औषधाने बरं झालं, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं. तरी पार्से गावातल्या आपल्या घरात उकड्या तांदळाची पेज तुझ्या वेळच्याच पंच्यातून गाळली जाते, शितं कुत्र्याला जातात आणि बाबा खालचं पाणी पितात. त्यांचे गाल आत गेले आहेत.

तुझं आजारपण मला त्या पंच्यावरूनच आठवतं. तू भिंतीला टेकून बसली आहेस. शेजारून अळसांद्यांच्या तोणाकाचा, त्या चवळीसारख्या दाण्यांच्या मसालेदार रश्शाचा, वास येतो आणि तू मला म्हणतेस, "बोटभर तरी दी गो माका." मी बाबांकडे बघते.

"आतड्याक झेपाचा नाय ता."

"माज्या आतड्याचा तुमकाच जास्त कळता!"

"कळता म्हणानच गाळतंय."

तू हसलीस. मग वाटी तोंडाला लावलीस. तू जाईपर्यंत तुझ्या पोटात तेच पाणी गेलं.

आता मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे उंदरांच्या आतड्याचे काप रंगवते. आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो, तो रंग दिल्यावर निळा दिसतो. इतका नाजूक की, तो टिकावा म्हणून सुरुवातीला पाणीसुद्धा लागू देत नाही आम्ही. आतड्यातले जिवाणू आपल्या जेवणातल्या चोथ्यावर जगतात. चोथा आलाच नाही तर त्यांतले काही हा थर खायला लागतात. त्यात वैर नसतं, समोर असतं ते ते खातात. शरीर थर पुन्हा पुन्हा घालत राहतं आणि ते खात राहतात. चोथा न मिळालेल्या उंदराची निळी पट्टी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती कशी दिसते एवढंच नोंदवलं आणि पुढचा काप घेतला.

बाबांना हे सांगायचं तर तुझ्या वाटीपर्यंत जावं लागतं. त्यांना ते माहीत असावं. म्हणूनच ते गाळणं सोडत नसावेत.

मागच्या रविवारी मी तोणाक केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. पेज न गाळता वाढली. त्यांनी बराच वेळ हात लावला नाही. मग खाली बघत विचारलं, "तिका मी गाळून दिलंय, ता चुकला काय गो? तू शिकलंस, तुका कळता."

"तिचा दुखणा वेगळा होता, बाबा. आतड्यात गाठ होती. वाट बारीक झाली होती."

ते खरं आहे. तेव्हा गाळणं बरोबरच होतं, मी ते पुन्हा तपासून पाहिलं आहे. बाबांनी मान हलवली आणि एक घास घेतला, मग दुसरा. "तिच्यासारखा नाय झाला," म्हणाले, आणि वाटी पुढे केली. मी अजून वाढलं.

पण बोटभर रस्सा कुठल्याच वाटेत अडकला नसता, आई. तू तेवढाच मागितला होतास. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. इथे लिहिलं, कारण हा कागद कुठे जायचा नाही.