नोकरी सोडल्याचं तुला सांगायचं राहिलं

आई, मी नोकरी सोडली. पावसाळा संपला तेव्हाच सोडली, पण तुला सांगायचं टाळत होते. तू जाऊन अकरा वर्षं झाली तरी काही गोष्टी तुझ्यापासून लपवायची सवय गेलेली नाही. खालापूरच्या त्या कारखान्याच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं होते. कायम झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी तू पेढे घेऊन आपल्या कडावच्या आळीत घरोघर फिरलीस. "माजी पोर आता खुर्चीवर बसून काम करनार," म्हणालीस. ती खुर्ची मी सोडली. आता मी धुण्याचं काम करते. सोसायट्यांची पार्किंग, पेट्रोल पंप, कारखान्यांच्या फरश्या. मशीनमधून पाण्याची इतक्या जोराची धार येते की वर्षानुवर्षं बसलेलं ऑइल आणि शेवाळ उखडून निघतं. मी त्याला व्यवसाय म्हणते. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

आठवतं? मी सातवीत आहे. शाळेत दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचेत आणि तू, शाळेची शिपाई, साडी खोचून एकटी व्हरांडा धुतेयस. मला तुझी दया आली की नुसतं पाण्यात खेळावंसं वाटलं, आता आठवत नाही. मी दप्तर टेकवलं आणि बादली उचलली. तू सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीस. "ठेव ती खाली! ह्ये काम तुला करायचं नाय. कदीच नाय. कळलं का गं?" वर्गातल्या मुली बघत होत्या. घरी आल्यावर तू तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस. तुझ्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडली होती आणि हाताला फिनेलचा वास येत होता. मी ती भाकरी खाल्ली, पण रागानं खाल्ली.

मग नोकरी सोडली कशाला, असं तू विचारशीलच. कारखान्यात एकदा बाहेरची माणसं शेड धुवायला आली. मी लॅबच्या खिडकीतून बघत उभी राहिले. काळ्या फरशीवर धार फिरली आणि खालून हिरवा रंग वर आला. एवढी वर्षं त्या फरशीवरून मी चालले, ती हिरवी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून खुर्चीत जीव रमेना. तेच नमुने, तेच तक्ते, तोच चहा. बसल्या जागी पाय हलायचे. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला कमी काय आहे?"

"कमी काही नाही."

"मग?"

मी त्याला त्या हिरव्या फरशीचं सांगितलं.  आठवडाभरानं तो स्वतःच टेंपो घेऊन माझ्याबरोबर मशीन आणायला आला.

पहिलं मोठं काम शेलूला मिळालं, नव्या इमारतींच्या एका सोसायटीत. मदतीला डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई आहे, माझ्याच वयाची. आधी मिळेल त्या मजुरीला जायची. पहिल्याच दिवशी मी मशीनला चुकीचं नोझल लावलं. धार बारीक झाली आणि कंपाउंडच्या भिंतीचा रंग प्लास्टरसकट उडाला.  चेअरमन खाली आले, भिंतीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मी म्हटलं, "चूक माझी आहे. भिंत पहिल्यासारखी करून देते." गवंडी आणला, रंगारी आणला, दोन दिवस तिथंच उभी राहिले.  लॅबमध्ये चूक झाली तर नमुना परत तपासता यायचा. इथं सगळी सोसायटी गॅलरीतून बघत होती. पण काम त्यांनी काढून घेतलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी पार्किंग धूत होते. पायात गमबूट, कोपरापर्यंत भिजलेली, पाण्याची गन माझ्याच हातात. जिन्यावरून एक मुलगी उतरली. लॅबमधली, माझ्या हाताखाली शिकलेली. ती तिथं राहायला आलीय हे मला माहीत नव्हतं. तिनं मला पाहायच्या आत मी तिला पाहिलं, आणि काय केलं सांगू? गन त्या बाईच्या हातात दिली, हातमोजे काढून मागे लपवले.

"मॅडम, तुम्ही इथं?"

"हो, आपलं काम चालू आहे ना. बघायला आले होते."

तिची नजर माझ्या गमबुटांवर गेली.  मनापासून हसली आणि गाडीला किल्ली लावता लावता दोन शब्द बोलून निघून गेली. मी तशीच उभी. वाडीवरच्या बाईनं गन माझ्यापुढं धरली. "गेली ती. घ्या ताई आता."

उरलेलं पार्किंग मी एकटीनं धुतलं. चांगलं निघालं. त्या लोकांनी शेजारच्या इमारतीचंही काम दिलं, सोमवारी जायचंय. तरी अजून सकाळी कंपनीची बस नाक्यावर हॉर्न वाजवते तेव्हा मी हातातलं टाकून उठते, दारापर्यंत जाते. चूक केली का, हे दिवसातून चारदा स्वतःला विचारते. तुलाही एक विचारायचं होतं. शाळेत त्या दिवशी तू मला त्या कामापासून वाचवत होतीस, की बघणाऱ्यांपासून? तुझ्या हयातीत विचारलं असतं तर तू आणखी एक ठेवून दिली असतीस.

हे पत्र घडी करून ठेवायचं की फाडायचं, ते ठरत नाही. पण लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. लॅबमध्ये नवी होते तेव्हा कुणीतरी तुझ्याबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं, "आई शाळेत असते." पुढचं लॅबमधल्या सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं आणि मी एकोणीस वर्षं समजू दिलं. त्या सकाळी जाता जाता ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईंना किती कौतुक वाटलं असतं. त्या शिक्षिका होत्या ना?"

मी 'हो' म्हटलं, आई.