दोन स्क्रीन, एकावर एक

अहो,

मी ड्युटीवर निघाले. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. बाहेरच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आहे, पहाटे उठून मीच जोडला. हसू नका, चालतो.

दुकानदार म्हणत होता, "वहिनी, शेअरचं काम करणारे तीन-तीन मॉनिटर ओळीत लावतात." मी म्हटलं, "आमच्या ह्यांना आजारपणापासून उजवीकडचं दिसत नाही. एकावर एक बसतील असे दोनच द्या." बिचाऱ्याने मग उभा स्टँड शोधून आणला आणि जोडायचं कसं ते मला नीट शिकवलं. वरच्या स्क्रीनवर भाव दिसतील, खालच्यावर तुमचे सौदे. टेबल मी असं सरकवलंय की सगळं तुमच्या डाव्या हाताला येईल.

परवा विकायचे ते शेअर चुकून पुन्हा घेतलेत आणि म्हणालात, "माझी अक्कल गेली, आता हे सगळं बंद." अक्कल कुठे जातेय? विक्रीचं बटण लॅपटॉपच्या उजव्या कडेला होतं, ते तुम्हाला दिसलंच नाही.

आज नुसता बाजार बघा. हात शिवशिवले तरी सौदा नको. उद्या मला सुट्टी आहे, शेजारी बसते, मग करा. थर्मासमध्ये चहा आहे.

आणि मी पलंगावरची बाजू का बदलली, असं विचारत होतात ना? सकाळी डोळे उघडल्यावर मी दिसायला नको का?