फाटकाशी बसायचा नियम

प्रिय धाकट्या,

आधी काळजीचं सांगून टाकतो. तुझी वहिनी बरी आहे. मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर घातलंय, दुखणं उतरलंय, पण अजून महिनाभर तरी पाय जमिनीला लावायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. ती पलंगावर बसून सगळ्या घराला हुकूम सोडते, आणि घरात हुकूम ऐकणारा मी एकटाच असल्यामुळे माझी धावपळ होते. चहा मी करतो. ती पिते, आणि पिऊन झाल्यावर कपाकडे ज्या नजरेने बघते ती नजर तुला माहीत आहे. एवढं वाचून तू कागद बाजूला ठेवलास तरी पत्राचं निम्मं काम झालं. पण ठेवू नकोस.

अक्षर ओळखलंच असशील. हा दुसरा कागद आहे. पहिल्यावर सवयीने ‘चि.’ लिहून गेलो, आणि मग ते फार मोठेपणाचं वाटलं. तीन हिवाळे एका शब्दाने चौकशी न करणाऱ्याने आशीर्वाद देत सुरुवात करायची म्हणजे जरा जास्तच झालं. म्हणून ‘प्रिय’ लिहिलंय. तसं आपण एकमेकांना कधी म्हटलेलं नाही, पण खोडायचा विचार नाही.

तर वहिनीचा पाय मोडल्यामुळे वकील आणि बाई यांना फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. तू ठेवलेली नावं अजून तीच आहेत. वकील अजून प्रत्येक वळणावर हरकत घेतो, आणि बाई अजून वर्गावर आल्यासारखी मान ताठ ठेवून चालते. शिकारी जातीची कुत्री ती, पाय लांब, त्यांना अंगणातल्या दोन फेऱ्या पुरत नाहीत. रोज सकाळी शेतांमधून, कालव्याच्या बांधावरून मोकळं चालवून आणावं लागतं. हे काम इतके दिवस वहिनी करत होती, आणि मला कौतुक वाटायचं ते माझंच. वाटायचं, बघा, आपण कुत्री अशी तयार केली आहेत की बाईमाणूस एका हाताने दोन्ही नेऊ शकतं. हे मी लोकांना सांगतही होतो.

माझा नियम तुला आठवत असेल, कारण त्याच्यावरून तू माझी नक्कल करायचास. वाटेत कुठल्याही फाटकाशी रेंगाळायचं नाही. बसायचं ते फक्त जिथे आपलं माणूस आत जाणार असेल तिथे. तिथे मात्र सांगायची वाट न बघता बसायचं, आणि माणूस आत जाऊन परत बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चामड्याचं काम जसं मी एक जुनं खोगीर उसवून उसवून शिकलो, तसंच हेही चुकत चुकत माझं मीच बसवलं. एखाद्या फाटकाशी रोज, न चुकता, बरेच दिवस थांबलं तरच ते फाटक कुत्र्यांच्या डोक्यात बसतं. एक-दोनदा जाऊन काही होत नाही. हे ध्यानात ठेव, पुढे लागेल.

वहिनीचा पाय बघायला डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती बॅग होती. तीच, तू शिवलेली. तू आपल्या चामड्याच्या दुकानात कामाला असतानाचा तो दिवस मी इथे पुन्हा रंगवत नाही, तो तुझ्याइतका कोणाला माहीत असणार. पण मी काय केलं तेवढं माझ्या हाताने लिहितो, कारण आजवर ते मी फक्त मनात, तेही सारवासारव करूनच म्हटलंय. डॉक्टरीणबाई गल्ल्यापाशी उभ्या होत्या. मी बॅग हातात घेतली, तुझ्या डाव्या हाताचा टाका बघितला, चामडं कापायची रापी उचलली आणि त्यांच्या देखत एक अख्खी बाजू उसवली. ‘हा आमच्या दुकानाचा टाका नाही,’ असं म्हणालो. शिवण घट्ट होती, सरळ होती, फक्त उलट्या बाजूला झुकलेली होती. तू अंगावरचा एप्रन काढून त्याची घडी घातलीस. घडी घातलीस हे मला फार लागलं होतं. भिरकावला असतास तर मला रागावता आलं असतं. आणि तू वकील आणि बाई, तेव्हाची पिल्लं, न्यायला आलास तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो की ज्या घराचं खाल्लंय त्या घराचीच राहतील. तू आणलेली पिल्लं, तुझ्या पैशाची, तुझ्या पांघरुणात झोपणारी.

तर डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर बघितलं, आणि वकील त्यांच्या पायाशी येऊन टेकला. त्याच्या गळ्यातला पट्टा छान दिसत होता. मला राहवलं नाही. मी पट्टा बोटाने वर उचलून दाखवला आणि म्हणालो, ‘बघा बाई, इतकी वर्षं झाली, कुत्रा रोज पाण्याचिखलात जातो, एक दोरा ढिला नाही. हा आमच्या दुकानाचा टाका.’ डॉक्टरीणबाईंनी त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग मी उसवलेली बाजू पुन्हा शिवून घेतलेल्या स्वतःच्या बॅगेकडे बघितलं. म्हणाल्या, ‘छानच आहे,’ आणि चष्मा पुसत बसल्या. तुझी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, पाय ठणकतोय.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कुत्र्यांना घेऊन निघालो. बांधावरून सरळ जायचं ठरवलं होतं. कालवा ओलांडायची दगडी मोरी आली आणि दोघंही उजवीकडे वळली. वकिलाने हरकत घेतली म्हणावं तर बाईसुद्धा वळली, आणि बाई कधी उगाच वळत नाही. मी म्हटलं, बघू तरी. ओळीने उभी असलेली उंच झाडं, त्यापुढे गवताचं रान, आणि त्याच्या टोकाला कुंपणाआड एक लहान घर. फाटकाशी आल्याबरोबर दोघंही बसली. कोणी सांगितलं नाही, काही नाही. शेपट्या जमिनीवर आपटत, कान दाराकडे लावून बसली.

तू कालव्यापलीकडे राहतोस एवढं मला माहीत होतं. घर कोणतं ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला जाणून घ्यायचंय असं झालं असतं.

मी तिथे उभा असतानाच आतून तुझा आवाज आला. ‘वहिनी, दार ढकला, उघडंच आहे. माझे हात मेणाचे झालेत.’ तू कामातून मान वर न करता बोलत असणार, कारण आवाज तसाच येत राहिला. ‘दोन दिवस दिसला नाहीत. परीक्षकांनी रजा दिली नाही वाटतं?’ परीक्षक म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला नाही. नाव चपखल आहे. मग म्हणालास, ‘दादाचा खोकला कसा आहे? ते औषध रात्री द्या, सकाळी घेऊन उपयोग नाही. आणि वकिलाचा पट्टा टिकला का? परीक्षकांच्या नजरेतून सुटला म्हणजे मी पास झालो म्हणायचं.’ आणि हसलास. तुझं हसणं अजून तसंच आहे, शेवटी जरा शिंकल्यासारखं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तू विचारलंस, ‘वहिनी?’

तिथे वहिनी नव्हती रे. मी होतो.

मी काय करायला हवं होतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी पळालो. म्हणजे पळायचं ठरवलं, पण कुत्री उठेनात. आपलं माणूस आत गेलेलं नाही, मग उठायचं कसं. मी शिकवलेलं ती चोख पाळत होती. मी दोघांना दोरीने ओढत कुंपणाच्या आड नेलं. तू फाटकाशी आला असशील तर चिखलात बाईच्या नखांचे लांब ओरखडे दिसले असतील. ते कसले, हा प्रश्न तुला पडला असेल, म्हणून सांगतोय.

घरी आल्यावर दुकानात जाऊन वकिलाचा पट्टा खिडकीच्या उजेडात धरला. मी केलेला पट्टा बक्कलापाशी फाटला असणार, आणि तू तेवढा भाग नवा घालून पुन्हा शिवलास. सगळे टाके डावीकडे झुकलेले. डोळे बांधले तरी आपला टाका बोटांनी ओळखीन असं मी गावभर सांगत आलो, आणि इतके महिने रोज डोळ्यांसमोर असलेला टाका मला दिसला नव्हता. मी तो बघितलाच नव्हता. काम चांगलं दिसलं, म्हणून ते माझं असं धरून चाललो. माझ्या खोकल्याच्या औषधाचंही तेच. उशाशी बाटली आली, मी प्यायलो, कुठून आली ते विचारलं नाही. घरात जे चांगलं होतं ते माझ्यामुळेच होतं, असं मी न बोलता ठरवून टाकलेलं होतं.

इथवर जे लिहिलं ते तरी सुसह्य आहे. त्यानंतरचं लिहायला लाज वाटते. तिसऱ्या दिवसापासून मी दुसऱ्या वाटेने जायला लागलो. तरी मोरी दिसली की दोघं अंग टाकून देतात. वकील तर सरळ आडवा पडतो. मी त्यांना ओढतो, गोंजारतो, रागावतो. वहिनीने विचारलं, ‘मोरीपाशी अडतात का हो?’ मी म्हटलं, ‘छे, सरळ येतात.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि बाईच्या झिजलेल्या नखांकडे बघत राहिली.

आणि काल, धाकट्या, बाई हातातून निसटली आणि मोरीवरून वळून धावली. मी वकिलाला घेऊन मागे. झाडांपाशी मी तिला गाठलं, आणि बघतो तर समोर तू. फाटक उघडं टाकून रस्त्यावर उभा होतास, कपाळावर हात धरून मोरीकडे बघत. एप्रन अंगावर होता. काम अर्धं टाकून आला होतास. थोडं पुढे यायचास, थांबायचास. वहिनीला काय झालं असेल हेच तुझ्या मनात असणार, आणि आमच्या घरी येऊन विचारायची वाट मी तुला ठेवलेली नाही. मी झाडाच्या बुंध्यामागे उकिडवा बसलो. पन्नाशीचा माणूस, दोन कुत्री छातीशी धरून. वकिलाला तुझा वास आला, तो भुंकणार हे मला कळलं, आणि मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याने मला चावायला हवं होतं. नुसता माझा हात चाटायचा प्रयत्न करत राहिला, मिटलेल्या तोंडाने. तू आत जाईपर्यंत मी त्याला सोडलं नाही.

घरी आलो. वहिनीने माझ्या गुडघ्यांना लागलेली माती बघितली. मी चहा ठेवला, तिला दिला. तिने कप हातात धरला आणि म्हणाली, ‘त्यांना कुठूनही न्या तुम्ही. पण ती जिथे बसतात तिथे त्यांना बसू द्या.’ मग तो चहा तिने पूर्ण प्यायला, आणि कपाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

म्हणून हे पत्र. आज संध्याकाळी मी एकटा येऊन ते तुझ्या फाटकावरच्या पेटीत टाकणार आहे. कुत्री आणणार नाही, आणली तर तिथेच बसतील आणि मला परत चोरासारखं ओढावं लागेल. उद्या सकाळी मात्र आम्ही तिघं मोरीवरून वळणार आहोत. कुत्र्यांबरोबर कोण आहे ते तुला आधी माहीत असावं, या वेळी तुझी फसगत होऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं. फाटक लावून घ्यायचं असेल तर खुशाल घे. आम्ही बाहेर थोडं थांबू, परत जाऊ, आणि परवा पुन्हा येऊ, कारण एखादं फाटक डोक्यात बसायचं तर रोज यावं लागतं, आणि माझ्या डोक्यात ते अजून बसायचंय. फाटक उघडलंस तर दोघांच्या दोऱ्या तुझ्या हातात देईन. ज्या घराचं खाल्लं त्या घराची, असं मी म्हणालो होतो, आणि वहिनीबरोबर येऊन ती तर तीन वर्षं तुझ्याकडेही रोज खात आली असणार. पट्टा आहे तसाच आहे, मी उसवलेला नाही. कुत्री बसतील, मी उभा राहीन. आत ये म्हणायचं की नाही ते तू ठरव.

तुझाच,
दादा
परीक्षक म्हणालास तरी चालेल, फक्त समोर म्हण.