पतंगांच्या अकरा पेट्या

दि. ३ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

मुलाच्या घरी येऊन महिना झाला. दोन खोल्यांत पाच माणसं, माझी खाट गॅलरीत. सून मनाने चांगली आहे, पण पतंगांच्या पेट्या इथे आणू का विचारल्यावर तिने नुसतं चहूकडे पाहिलं. मी समजलो. तू त्या ठेवून घेतल्यास, नाहीतर कुठे नेल्या असत्या?

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि दर रविवारी जाळी घेऊन या पतंगांमागे रान तुडवलं. तू त्यांना मुद्दाम फुलपाखरं म्हणतेस. अगं, दिवसा उडतो आणि रंगीत आहे म्हणून पतंग काही फुलपाखरू होत नाही. मिशा बघ. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाला नसते.

एकच काम कर. प्रत्येक पेटीतल्या डांबराच्या गोळ्या महिन्याला बदल, नाहीतर कसर लागून पतंगांची भुकटी होते. मेहुण्यांचा दमा कसा आहे?

सर्वांना विचारलं म्हणून सांग.
तुझा दादा

दि. २० जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेच्या गणवेशांचं शिवण आलंय, मशीनवरून मान वर होत नाही. यांचं बरं चाललंय. शेजारची मुलगी तुझ्या हिरव्या-सोनेरी पतंगाकडे बघत बसली होती. हे तुमच्या दादांनी रंगवलंय का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तेवढीच तुझी कीर्ती.

पेट्या कपाटावर ठेवल्या तशाच आहेत. गॅलरीत झोपतोस, तर कानाला काही बांधत जा.

माया आहेच, ती असू दे.
चिमी

दि. ९ सप्टेंबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

आज फार आनंद झालाय. इथल्या कॉलेजातले प्राध्यापक माझ्या पेट्या घ्यायला तयार आहेत. सगळ्या अकरा. कपाट देणार, खाली पाटी लावणार. दिवसा उडणाऱ्या पतंगांचा एवढा संग्रह एका माणसाकडे त्यांनी पाहिला नव्हता, असं म्हणाले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला बसायला खुर्ची पुढे केली.

पुढच्या महिन्यात न्यायला येतो. गोळ्यांचं तू काही लिहीत नाहीस, म्हणजे ठीकच असणार.

मेहुण्यांना नमस्कार.
दादा

दि. १५ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

दादा, येऊ नकोस. न्यायला काही उरलेलं नाही.

तू गेल्यावर पंधरा दिवसांतच यांना फार त्रास सुरू झाला. बसून रात्र काढायचे. डॉक्टर घरी आले, दारातच थांबले आणि हा वास आधी घराबाहेर काढा म्हणाले. मी त्याच दुपारी सगळ्या गोळ्या काढून टाकल्या. आठवडाभरात यांना झोप लागली. तुला लिहायला चारदा बसले आणि चारदा कागद फाडला.

तुझं पत्र आल्यावर पेट्या खाली काढल्या. टाचण्या उभ्या आहेत, चिठ्ठ्या आहेत, खाली भुकटी. दोन पेट्यांत थोडे पंख आहेत, हात लावला की तेही जातात. हे मला म्हणाले, "माझ्या नावावर टाक." पण गोळ्या काढल्या मी, आणि सगळं तसंच आहे असंही मीच लिहिलं.

माफ कर असं कोणत्या तोंडाने लिहू?
चिमी

दि. ११ ऑक्टोबर

चि. चिमीस आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही. राग होता, अजून आहे. प्राध्यापकांना माल खराब झाल्याचं सांगितलं. ते हळहळले आणि घड्याळाकडे पाहून उठले.

पेट्या जाळून टाक, नाहीतर कसर शिवणाच्या कापडात शिरेल.

रोज स्वतःला बजावत होतो, चिमीने नुसतं विचारलं असतं तर मी ताबडतोब लिहिलं असतं की गोळ्या फेक, माणूस आधी. परवा ते उत्तर खरोखरच लिहून बघायला बसलो. कागदावर उतरलं ते असं: मेहुण्यांना काही दिवस दुसरीकडे झोपव. तुमच्याकडे दुसरी खोली नाही, हे मला ठाऊक असताना.

तू मला ओळखून होतीस, म्हणूनच विचारलं नाहीस. पतंग गेल्यापेक्षा हे जास्त लागलंय.

त्यांना आता झोप येते ना, तेवढं कळव. माझ्यावरचा लोभ सोडू नकोस. तुझ्यावरचा न सोडण्याचा प्रयत्न मीही करतोय.

दादा