ताईची खालची कवळी

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी पेन उचललं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जन्मभर लोकांचे फोन जोडलेस, आणि आता स्वतःचा वाजू देतेस? एक्स्चेंजमधली तुझी मैत्रीण परवा रस्त्यात भेटली. ताई रागावलीय का, असं विचारत होती बिचारी.

भाचीकडून कळलं, की नवी कवळी त्रास देतेय. घरात दातांचा डॉक्टर असून दुसरीकडे गेलीस, त्याचा रुसवा मी नंतर काढीन. आधी ये.

आठवतं? शाळा सुटली की मी एक्स्चेंजच्या खिडकीखाली थांबायचो. नंबर विचारणारा तुझा आवाज आला, की ही माझी ताई, असं मित्रांना ऐटीत सांगायचो.

तुझा
बारक्या


९ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

रुसतोस कसला? तुझं नाक पुसलंय मी! त्याच भावासमोर बोळकं कसं उघडायचं, म्हणून आले नाही.

खालची कवळी बोलताना उठते, वरची पुढून सुटते. 'स' म्हणायला गेलं की शिट्टी वाजते. तोंड सारखं कोरडं. हिरडीला जखम झालीय, तरी झोपतानाही काढत नाही. न जाणो, कुणी पाहिलं तर!

मैत्रिणीला काय सांगू? तिने वर्षानुवर्षं शेजारी बसून माझा आवाज ऐकलाय. हा फसफसणारा आवाज तिला ऐकवायचा नाही मला. वय झालं, दुसरं काय. राहू दे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न.

काल न सांगता येऊन थडकलो, त्याबद्दल रागावू नकोस. खिडकीपाशी बसवून तुझं तोंड पाहिलं, तेव्हा तू डोळे घट्ट मिटून घेतलेस. म्हणून जे दिसलं, ते आता लिहून कळवतो.

तुझं खालचं हाड झिजून सपाट झालंय. कवळीने धरावं असा उंचवटाच उरला नाही. वरची पुढची हिरडी लुळी पडलीय. माप घेताना ती दबते, मग पुन्हा उसळून कवळीला ढकलते. त्यात तू घेतेस त्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे लाळ आटलीय, आणि कवळी चिकटून राहते ती लाळेवरच. गोळ्यांचं मी तुझ्या डॉक्टरांशी बोलतो. मनाने बंद करू नकोस.

आधी जखम भरायला हवी. दोन आठवडे कवळी डब्यात! मग लुळी हिरडी न दाबता माप घेईन. खोटी आशा दाखवत नाही: वरची बसेल, खालची थोडी हलणारच. जिभेने, गालांनी तिला सांभाळायला शिकावं लागेल.

ते दिवस आमच्याकडे काढ. तुझ्या बोळक्याला इथे कुणी हसणार नाही. हसलोच तर मी.

बारक्या


२८ ऑगस्ट

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडून परतल्यापासून घर ओकंओकं वाटतं. तुझ्या त्या खुर्चीत बसवून, 'स' नीट उमटतो का पाहायला साठ, सहासष्ट, सदुसष्ट, सत्तर म्हणून घेतलंस ना, तेव्हा मनाने मी पुन्हा एक्स्चेंजच्या बोर्डापुढे होते. कानाला हेडफोन, हातात नंबर जोडायच्या दोऱ्या, समोर लुकलुकणारे दिवे. तू म्हणालास तसंच झालंय. वरची छान बसली, खालचीला अजून जिभेने दटावावं लागतं.

काल धीर करून मैत्रिणीला फोन लावला. किती वेळ जपून, हळू बोलत होते मी. तिकडून नुसतं हं, हं. मग एकदम रडायलाच लागली. तिला आता ऐकू कमी येतं, रे! मी रागावले असेन ही भीती होतीच, पण आपल्याला ऐकू येईनासं झालंय हे मला कळेल, याचीही तिला धास्ती होती. फोन जोडण्यात हयात घालवलेल्या आम्ही दोघी, एकमेकींना घाबरून बसलो होतो.

मग काय, मी बेंबीच्या देठापासून ओरडून बोलायला लागले. खालची कवळी टुणकन उडून मांडीवर पडली. उचलायलाही थांबले नाही. एक्स्चेंजमधल्या सगळ्या गमती निघाल्या.

फोन ठेवताना ती म्हणाली, की तुझा आवाज अगदी होता तसाच आहे.

तुझी
ताई