रोलंडदादाच्या ट्रकची सीट मागे कोण सारतं?

तीर्थस्वरूप आर्डिथवहिनी यांस,

ओहायोहून तुमचा धाकटा दीर वर्लिन याचा नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो, नाहीतर वाँडा म्हणेल की पत्र लिहितानासुद्धा माझ्या नवऱ्याला लोखंडापलीकडे काही सुचत नाही. ॲरिझोनाचं ऊन गुडघ्याला मानवतंय असं तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं, ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे ठीक. मका डोक्यावर गेलाय, वाँडाची कंबर जिथे दुखत होती तिथेच दुखते आहे, आणि चर्चच्या जेवणात तुमच्या हातच्या शेवयांची आठवण काढून लोक वाँडाच्या शेवया खातात (हे तिला कळवू नका).

आता तुमच्या कामाचं. मार्चमध्ये तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "भाऊजी, ट्रक चालता करा आणि ऑगस्टअखेर तो विकत घेणारा इंडियानाचा माणूस येईल त्याच्या ताब्यात द्या. मला तो अंगणात बघवत नाही." मी मान डोलावली. ट्रक चालता केला. खरं सांगायचं तर जरा जास्तच चालता केला, म्हणजे जत्रेतल्या वजन ओढायच्या शर्यतीत नेऊन स्लेडला, त्या वजनाच्या लोखंडी घसरगाडीला, जोडला. रागावू नका. निदान पत्र संपेपर्यंत तरी रागावू नका.

अठरा वर्षं दादा त्या मातीत उतरला आणि तीनशे फुटांची रेघ त्याला एकदाही ओलांडता आली नाही, हे तुम्ही बाकावर बसून पाहिलंयत. (ती स्लेड ज्याने शोधून काढली तो बहुधा लग्न झालेला असावा. सुरुवातीला हलकी वाटते, मग जसजसं ओढावं तसतशी वरची वजनाची पेटी पुढे सरकते आणि शेवटी जागचं हलू देत नाही.) दोन वर्षांपूर्वी तो दोनशे सत्त्याऐंशीपर्यंत गेला होता. तिथे ट्रकचं नाक उचललं, पुढची चाकं हवेत फिरली आणि खेळ संपला. स्लेडची साखळी अडकवायचा मागचा हुक मी बसवला होता, जमिनीपासून सव्वीस इंचांवर, नियमात बसेल तितका उंच. दादाचं म्हणणं साडेपंचवीस, म्हणजे नाक उचलणार नाही. सगळ्या जत्रेदेखत तो म्हणाला, "वर्लिन, तुला अर्धा इंच कळत नाही, इंजिन काय डोंबल कळणार?" मी म्हणालो, "मग स्वतः वाकून बसव की!" तेव्हा त्याच्या पाठीचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. मी तसं बोलायला नको होतं. पुढे दीड वर्ष आम्ही चर्चमध्ये एकाच बाकावर बसलो, मध्ये तुम्ही आणि वाँडा. फेब्रुवारीत तो गेला. शवपेटीची पुढची कडी माझ्या हातात होती, बोलणं मात्र राहून गेलं. म्हणून मी ठरवलं, ट्रक परक्याच्या हाती जाण्याआधी एकदा त्याच्या नावाने ती रेघ ओलांडायची.

जूनमध्ये शेडात कामाला लागलो. मागच्या स्प्रिंगा दबू नयेत म्हणून ठोकळे बसवले, धुराडं बॉनेटमधून वर काढलं, पुढच्या बंपरावर ट्रॅक्टरची वजनं टांगली. पहिल्या दिवशी सीट पुढे ओढली. (दादा सहा फूट चार, मी बुटांसकट पाच फूट सहा. आईने सगळं लांबीचं सामान पहिल्यावरच संपवलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी सीट पार मागे. सीटखालच्या पट्टीचे दात झिजले असतील म्हणून पुन्हा पुढे ओढली. तिसऱ्या दिवशी परत मागे. मग मी पट्टीला भोक पाडून आरपार बोल्ट ठोकला आणि समाधानाने जेवायला गेलो. सकाळी तो बोल्ट ॲशट्रेमध्ये होता, आणि त्याच्यावर नट परत फिरवून ठेवलेला, वायसरसकट. वहिनी, नट सुटा ठेवला तर दादा कसा ओरडायचा ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या बोल्टावर आजवर वायसर कुणी पाहिलेला नाही.

मी शेजारच्या ग्लेन उट्झला सांगितलं. (तोच जत्रेत झेंडा दाखवतो, आणि वर्षभर सगळ्यांना लाल झेंडाच दाखवत असतो.) तो म्हणाला, "झोपेत उठून तूच करत असशील." त्यावर वाँडा म्हणाली, "याला झोपेत एवढी अक्कल असती तर जागेपणी ती जाते कुठे?" तरी तिने शेडला कुलूप लावून किल्ली पिठाच्या डब्यात पुरली. दुसऱ्या दिवशी किल्ली पिठातच होती, पिठावर बोटाची खूण नव्हती, आणि पुढच्या टायरांतली हवा चाळीस पौंडांवरून अठ्ठावीसवर आली होती. चारी टायर नव्हेत, फक्त पुढचे दोन, दोन्ही नेमके अठ्ठावीस. मी चिडून पंप लावणार होतो, पण आधी शेतातून एक फेरी मारून पाहिली. ट्रक मातीला चिकटून चालला. वहिनी, मेल्यावरसुद्धा माणूस धाकट्याच्या कामात खोड काढतो, आणि वर त्याचंच खरं ठरतं, याच्याइतका जाच नाही.

हुकाच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही. संध्याकाळी सव्वीसवर कसायचो, सकाळी साडेपंचवीस. चार दिवस हेच. तीन वेगवेगळ्या टेपांनी मोजलं. पाचव्या सकाळी हुकाशेजारी दादाची टेप उभी होती, जमिनीपासून साडेपंचवीसपर्यंत ओढून खटका लावलेली. ती टेप आपण शवपेटीत त्याच्या खिशात ठेवून पाठवली होती, तुम्हीच ठेवली होती. मी उपड्या बादलीवर बसून राहिलो, आणि मग मोकळ्या शेडात मोठ्याने म्हणालो, "बरं बाबा, साडेपंचवीस." त्यानंतर हुक हलला नाही. टेप दुपारी बघितली तर जागेवर नव्हती.

जत्रेच्या दिवशी मी डुकराच्या कटलेटचा पाव खाल्ला आणि ट्रकमध्ये चढलो. ग्लेनने हिरवा झेंडा टाकला, साखळी ताणली गेली, मी पाय दाबला. शंभर फुटांवर पायाखाली टक झालं आणि सीट सरकन मागे गेली. माझा पाय पेडलपासून वीतभर दूर लोंबकळत राहिला. वहिनी, इंजिन खाली आलं नाही. उलट चढलं. पेडल माझ्या डोळ्यांसमोर तळाला टेकलेलं होतं आणि स्टिअरिंग माझ्या हातांपेक्षा जास्त घट्ट धरलेलं होतं. मी घाबरलो, पण ओरडलो नाही. लहानपणी तो मला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवायचा, तेव्हाही मी ओरडत नसे. नाक उचललं नाही. दोनशे सत्त्याऐंशी मागे पडलं, रेघ मागे पडली, तीनशे नऊवर लाल झेंडा आला. मी किल्ली फिरवली. इंजिन चालूच! ग्लेन ओरडला, "बंद कर!" मी किल्ली खिडकीबाहेर धरून दाखवली, "केलाय रे!" शेवटी त्याने इंजिनची हवा तोडायची दोरी खेचली, तेव्हा ट्रक दोनदा थरथरला आणि गप्प झाला. मेकॅनिक म्हणाला, टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, सील फाटलं, डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पीत सुटलं की त्याला ना किल्ली लागते ना पाय. सगळ्यांना पटलं. परवा मी टर्बो उघडला. सील नव्यासारखं कोरडं होतं. मी गुपचूप परत बंद केला.

त्या दिवसाला एकोणीस दिवस झाले. सीट मी पुढे ठेवतो आणि ती पुढेच राहते. मुद्दाम एका टायरात पन्नास हवा भरली, दुसऱ्यात वीस. नट सुटे टाकले. हुक निर्लज्जपणे अठ्ठावीसवर नेला. रोज सकाळी धावत जाऊन बघतो. आता शेडात मी जे चुकतो ते चुकलेलंच राहतं.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
वर्लिन

ता. क. इंडियानाचा माणूस येऊन गेला. इंजिन खराब आहे असं खोटं सांगून मी त्याला परत पाठवला. पुढच्या ऑगस्टपर्यंत ट्रक माझ्याकडे राहू द्याल का?

ता. क. २. वरचं खोडा. त्याला बोलवा, देऊन टाका. आता ते नुसतं लोखंड आहे.

ता. क. ३. तुमची लेक सहज म्हणाली की तुमच्या स्वयंपाकघरातला वर्षभर गळणारा नळ मागच्या आठवड्यात आपोआप थांबला, आणि प्लंबर तर कुणी बोलावलाच नव्हता. वहिनी, रात्री झोपण्यापूर्वी त्या नळापाशी उभं राहून एवढंच सांगा, की वर्लिन पाठीवरून जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. उत्तर मिळणार नाही, दादा कधी देत नसे. पण सकाळी घरात काय हललंय ते बघा, आणि मला लगेच लिहा.