चंद्रकुमारच्या मशीनची व्यवस्था

मी, डोमनलाल तेजराम रहांगडाले, वय एकोणसत्तर, धंदा साउंड सर्व्हिस (आता बंद), राहणार कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया, आज पूर्ण शुद्धीवर आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. केली असती तरी मी ऐकलं नसतं, हे कुडव्यात कोणालाही विचारावं. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही; कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

घर, शेत आणि बँक यांचं काय करायचं ते मी माझ्या मुलाला, ओमेश्वरला, तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं. हा खटाटोप एका वस्तूसाठी आहे. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. आमच्या धंद्यात त्याला मशीन म्हणतात. माझा धाकटा भाऊ चंद्रकुमार तरुणपणीच वारला, त्याची गिटार या मशीनवर वाजायची. माझ्यामागे ते त्याच्या बायकोला, शकुंतलाबाईला, द्यावं की तिच्या कानांपासून कायमचं दूर करावं, हे मला ठरवता येत नाही आणि तिला विचारताही येत नाही. का, ते पुढे लिहिलं आहे.

कलम १. घर. घर मधल्या भिंतीने दोन भागांत आहे. रस्त्याकडचा भाग ओमेश्वरचा. विहिरीकडचा भाग शकुंतलाबाईचा आणि तिच्यानंतर तिची मुलगी रुची हिचा. मधली भिंत दोघांची. ती पाडून हॉल करायचं ओमेश्वरच्या मनात आहे, त्याने ते मनातच ठेवावं.

कलम २. देवरीकडची धानाची शेती ओमेश्वरने करावी, आणि स्वतः करावी. गाडीत बसून काचेतून हात दाखवणं म्हणजे शेती नव्हे. बँकेतली शिल्लक सून दुर्गेश्वरी हिच्या नावे करावी. ती खर्चाआधी विचार करते, माझा मुलगा खर्चानंतर.

कलम ३. धंद्याचं सामान. मिक्सर, माइक आणि मोठे स्पीकर विकून टाकावेत. भोंगे शोधू नयेत, ते सेवकरामकडे आहेत. सेवकराम स्वतःला माझा शिष्य म्हणवतो आणि माझ्याकडून मागून नेलेल्या भोंग्यांवर त्याने आपलं नाव रंगवलं आहे. तरीही माझे सगळे स्टॅबिलायझर त्याला द्यावेत. म्हातारा विरघळला असं त्याला वाटेल. तसं काही नाही. स्टॅबिलायझरने माझं किती नुकसान केलं ते पुढच्या कलमात आहे. आता त्याचं होऊ दे.

कलम ४. मशीन. हे कलम लांबणार आहे. वकिलाने त्याला कात्री लावू नये.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीची सोंगं, नाटक, सगळं एका गावात. आम्ही दोघं भाऊ तिथे ऑर्केस्ट्रा घेऊन जायचो. चंद्रकुमार गिटार वाजवायचा, मी आवाजाचं बघायचो. रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांच्या टेपवर त्याने विलायती रॉक ऐकला आणि पोरगा हातचा गेला. तो जाड, कडेने फाटलेला आवाज त्याला आपल्या गिटारीतून हवा होता. माझ्या मशीनमधून तो येईना. माझा आवाज स्वच्छ असायचा आणि मला त्याचा अभिमान होता.

मग नवेगाव बांधच्या बाजूच्या एका मंडईत गुलाबचंदचा तंबू टॉकीज शेजारी लागला होता. दुपारी त्याचं सिनेमाचं मशीन रिकामं होतं. चंद्रकुमारने विनवणी करून त्याला गिटार जोडली. मी समोरच उभा होतो. आवाज जाड झाला, कडेने फाटला, आतून मात्र गुळासारखा राहिला. त्याने एक तार छेडली, हात उचलून वर धरला, आणि सूर थांबेना. पाळण्यात बसलेली माणसं वळून पाहायला लागली. चंद्रकुमार माझ्याकडे बघून ओरडला, "भाऊ, मी नाही वाजवून राहिलो! हा आपल्या मनानंच वाजून राहिला!" त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. पुढची प्रत्येक मंडई त्याने गुलाबचंदकडून मागून घेतलेल्या त्याच मशीनवर वाजवली.

एका मोसमात देवरीकडून तो ताप घेऊन आला. मलेरिया डोक्यात चढला आणि आठवडी बाजार यायच्या आत माझा भाऊ गेला. रुची तेव्हा पोटात होती. तिने बापाचा हात कधी ऐकला नाही.

आता शकुंतलाबाईला मी का विचारू शकत नाही, ते. हे वाचणारा साहेब दुसऱ्या मुलखातला असेल म्हणून लिहितो. आमच्याकडे जेठ आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. ती पदर पुढे ओढते, मी खाकरून अंगणात जातो. तिच्या लग्नापासून आजपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही, चंद्रकुमारच्या मयताच्या दिवशीसुद्धा नाही. काही सांगायचं तर माझी बायको राजकुमारी मधे असायची. ती गेल्यापासून शकुंतलाबाई दाराच्या कडीला सांगते, "कोणीतरी सांगा, भाजी ठेवली आहे," आणि मी हवेला सांगतो, "कोणीतरी सांगा, मीठ जास्त झालं." तक्रार नाही. माणसं यातूनही एकमेकांची काळजी घेतात. पण भाजीमिठाच्या पुढचं काही कडीला सांगता येत नाही.

भाऊ गेल्यावर मला त्याचा तो आवाज हवासा झाला. हाव म्हणा, वेड म्हणा. गुलाबचंदचा टॉकीज बसला होता आणि मशीन भंगारात गेलं असं मी ऐकलं होतं. म्हणून मी तसं दुसरं शोधू लागलो. नागपूरहून आणलं, कोलकात्याहून मागवलं, बंद पडलेल्या थिएटरांच्या अडगळीत हात घातले. मी वाजवणारा नव्हे. चंद्रकुमारची एक चाल तेवढी बोटांना कशीबशी शिकवली. प्रत्येक मशीनवर तीच वाजवून पाहायचो. रुची मोठी झाली तेव्हा तिने एक छोटंसं यंत्र आणलं, त्यात म्हणे जगातल्या सगळ्या जुन्या मशीनचे आवाज भरलेले. ती म्हणाली, "मोठेबाबा, याला व्हिंटेज टोन म्हणतात. तुम्ही एकटेच वेडे नाही." तो आवाज बरा होता. फोटो बरा असतो तसा.

शेवटी गुलाबचंदच एका लग्नात भेटला आणि सहज म्हणाला, "भंगारात कायले देऊ? पडली आहे ना मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, जाळ्याखाली." मी जेवणाच्या पानावरून उठलो. मशीन घरी आणलं, व्हॉल्व्ह बदलले, स्टॅबिलायझर लावला आणि वाजवलं. शाळेच्या प्रार्थनेसारखा स्वच्छ आवाज आला. तेच मशीन, तीच गिटार, आणि चंद्रकुमारचा मागमूस नाही. त्या दिवशी मी राजकुमारीसमोर रडलो.

गोंदियात माणूस फ्रिज घेण्याआधी स्टॅबिलायझर घेतो. राइस मिली सुरू झाल्या, उन्हाळी धानाचे पंप लागले, की लाइन मान टाकते. मी तर आवाजाचा धंदेवाला. स्टॅबिलायझरशिवाय मशीन लावणं म्हणजे चप्पल घालून देवळात जाणं. मग एका उन्हाळ्यात ओमेश्वरने न विचारता माझा स्टॅबिलायझर कूलरला लावला. मी सवयीने मशीन चालू केलं. दिवस मावळत होता, बल्ब लालसर पिवळा पडला होता. मी तार छेडली.

तो आला. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. जाड, फाटका, आतून गोड. मी घाबरून हात उचलला आणि सूर थांबला नाही.

मंडईत लाइन नेहमी गावाच्या शेवटच्या खांबावरून असायची. पाळणे, दुकानांचे दिवे, सगळं तिच्यावर. मशीन तिथे अर्धपोटी चालायचं, आणि तो आवाज त्या उपाशीपणाचा होता. इतकी वर्षं मी प्रत्येक मशीनला स्टॅबिलायझर लावून पोटभर खाऊ घालत होतो आणि भावाला हाका मारत होतो.

त्या संध्याकाळी आणखी एक झालं. भिंतीपलीकडे शकुंतलाबाई भांडी घासत होती. सूर सुरू झाला तसा भांड्यांचा आवाज थांबला. मी वाजवणं बंद केलं, भांडी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर रोज. ती ऐकायला थांबते की सहन करायला, हे मला माहीत नाही. मी राजकुमारीला म्हटलं, विचारून पाहा. "इचारीन, सवडीनं," ती म्हणाली. सवड मिळायच्या आत ती गेली.

पुढे नवीन सबस्टेशन झालं, लाइन सुधारली, सगळे पेढे वाटत होते आणि माझा आवाज गेला. तेव्हा रुचीने नागपूरहून डिमरस्टॅट आणलं. त्याची चकती फिरवली की व्होल्टेज हवं तेवढं उतरतं. चकती फिरवून तिने मशीन सुरू केलं आणि म्हणाली, "बघा मोठेबाबा, भूत नाही, व्होल्टेज आहे." मी म्हटलं, "असेल. मग तुझ्या आईनं भांडी काऊन थांबवली?" ती शिकलेली पोरगी आहे, तिने चकती पुन्हा फिरवून पाहिली.

खरं सांगतो, मला भीती वाटते. हात उचलल्यावर सूर चालू राहतो तेव्हा मी मागे वळून पाहत नाही. आणि तरीही दिवस कलला की मी मशीनकडे जातो. मी गेल्यावर त्या खोलीत ओमेश्वरला सोलरच्या बॅटऱ्या ठेवायच्या आहेत. त्याचं चूक नाही, त्याला तो एक जुना लोखंडी डबा दिसतो.

कलम ५. शकुंतला, हे कलम मी तुला लिहितो. जिवंतपणी रीत मोडली नाही, कागदावर मोडतो. तुझा जेठ म्हणून तेवढी माफी असावी. मशीन, गिटार आणि डिमरस्टॅट मी तुला देतो. तुला तो आवाज हवा असेल तर रुची वाजवून दाखवेल, तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. नको असेल तर ते नवेगावच्या तलावात टाकायला सांग. इतकी वर्षं भिंतीतून तुला त्रास झाला असेल तर मला फार वाईट वाटेल. मला दुसरा माणूस नव्हता ग त्याच्याबद्दल बोलायला. तू काय ठरवलंस त्याचं कारण तुला कोणी विचारू नये, असं मी सगळ्यांना बजावतो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रुचीने करावी.

पुरवणी, त्याच दिवशी.

वरचा मजकूर साक्षीदारांसमोर अंगणात रुचीने मोठ्याने वाचला. मी खाली सही करणार, तेवढ्यात शकुंतलाबाई तिच्या दारातून बाहेर आली. पदर कपाळाखाली ओढलेला होता. ती कडीजवळ थांबली नाही, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी खुर्चीवरून उठलो. ती जे बोलली ते रुचीला सांगून तसंच लिहून घेतलं आहे.

"या पावसाळ्यात तुमी दवाखान्यात होते, तवा तुमच्या खोलीले कुलूप होतं. मशीनची वायर ओमेश्वरनं काढून माह्याकडं ठेवाले देली होती. माह्या पेटीत होती वायर. तरी रोज सांजच्याले वाजे."

रुचीने विचारलं, "आई, तू सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू? जेठासंग बोलता येत नाही, अन तू म्हणशीन व्होल्टेज." मग ती माझ्याकडे वळली. "मशीन घरी आली तवापासूनच वाजते, तुमी खोलीत नसले तरी. तुमी वाजवा, तवा मी भांडे थांबवो. दोघांतला कोण वाजवून राहिला ते आयकाले. तुमी असले की मले समजे. तुमचा हात जड आहे."

मी विचारलं, "त्रास होतो का?" तिच्याशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

"नाही," ती म्हणाली. "फक्त मशीन हलवू नका. त्याले तो कोपरा समजला आहे."

सबब कलम ५ मध्ये मशीन शकुंतलाबाईला दिल्याचा जो मजकूर आहे तो मी या पुरवणीने रद्द करतो. ते मशीन माझ्या मालकीचं होतं हा माझा गैरसमज होता, आणि जे आपलं नाही ते देता येत नाही. ते माझ्या मालमत्तेतून वगळावं. त्या खोलीत बॅटऱ्या ठेवू नयेत. खोलीची किल्ली आजच शकुंतलाबाईच्या हातात, हाताला हात न लावता, दिली आहे. माझ्यामागे मशीन कोणी चालू करू नये. त्याची गरज नाही.

हे सर्व मी वाचून, ऐकून आणि समजून सही करीत आहे.

ठिकाण: कुडवा, गोंदिया
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) डोमनलाल तेजराम रहांगडाले

आमच्यासमोर सही झाली, व शकुंतलाबाई जे बोलल्या ते आम्ही आपल्या कानांनी ऐकलं:

१. (सही) गुलाबचंद मेश्राम, राहणार नवेगाव बांध
२. (सही) चंदा पटले, अंगणवाडी सेविका, राहणार कुडवा